जुन्या पेट्रोल गाडीला सीएनजी किट: इंदूरमध्ये परवडतं कोणाला, बिघडतं कुठे

महिन्याला आठ-नऊशे किलोमीटरच्या आत गाडी चालत असेल, तर सीएनजी किटच्या नादी लागू नका. त्याहून जास्त चालत असेल, वॉरंटी संपलेली असेल आणि इंजिन तेल पीत नसेल, तर जरूर बसवा. पण किटची कंपनी ठरवायला जितका वेळ घालवाल, त्याच्या दुप्पट वेळ बसवणारा शोधायला घाला. सीएनजीबद्दल ऐकू येणाऱ्या तक्रारी, म्हणजे पिकअप मेला, झटके बसतात, चेक लाइट पेटतो, बहुतेक गॅसच्या नसतात. घाईत बसवलेल्या किटच्या असतात.

हे परीक्षण सिक्वेन्शियल किटचं आहे, म्हणजे प्रत्येक पिस्टनच्या वाट्याला स्वतंत्र गॅस इंजेक्टर असलेल्या किटचं. गाडी १,००० ते १,२०० सीसीची, डिक्कीत ६० लिटर मापाची पोलादी टाकी. हे ६० लिटर म्हणजे पाण्याचं माप. २०० बार दाबाने भरली तर तिच्यात प्रत्यक्षात आठ ते नऊ किलो गॅस बसतो. दुकानदार "६० लिटरची टाकी" म्हणतो आणि गिऱ्हाईक ६० लिटर पेट्रोलचा हिशेब मनात धरतं, तिथूनच पुढचा अपेक्षाभंग सुरू होतो. शहरात किलोला २० किमी धरले तर एका भरण्यात १६०-१८० किमी, एवढंच.

हिशेब, आणि ई२० ने त्यात घातलेली भर

उदाहरणापुरतं पेट्रोल १०६ रुपये लिटर, सीएनजी ९५ रुपये किलो आणि किट बसवून ६५,००० रुपये धरू. पंपावरचा आजचा भाव पाहून आपापले आकडे घाला. शहरात पेट्रोलवर १५ चं ॲव्हरेज असेल तर किलोमीटरला ७.०७ रुपये पडतात, गॅसवर ४.७५. वाचले २.३२. म्हणजे किटचे पैसे निघायला २८,००० किमी. महिन्याला हजार किमी चालणाऱ्याला सव्वादोन-अडीच वर्षं, पाचशे चालणाऱ्याला पावणेपाच.

यात एक खर्च हमखास विसरला जातो, तो म्हणजे विमा. किटच्या किमतीवर साधारण ४ टक्के आणि थर्ड पार्टीचे ६० रुपये असा वाढीव हप्ता लागतो. ६५,००० च्या किटला तो २,६६० होतो, त्यावर जीएसटी वेगळा. दरवर्षीचे पहिले हजार-तेराशे किलोमीटर हा हप्ता फेडण्यातच जातात.

आता ई२० कडे बघा. पेट्रोलमध्ये २० टक्के एथॅनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते २०२५ वर आणलं आणि गाठलंही. सरकारी धोरण म्हणून हा वेग दाद देण्याजोगा आहे. पण लिटरभर एथॅनॉलमध्ये लिटरभर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई१० साठी जुळवलेल्या चारचाकींचं ॲव्हरेज ई२० वर ६-७ टक्के घटेल, असं नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलेलं आहे. १५ चं ॲव्हरेज १४.१ वर आलं की पेट्रोलचा खर्च किलोमीटरला ७.५२ होतो आणि किटचे पैसे २८,००० ऐवजी २३,५०० किमीत निघतात. एका पर्यायी इंधनाने दुसऱ्याचं गणित सोपं केलं. ठरवून केलेलं नसेल, पण झालंय खरं.

रामबागेतून राजवाड्यापर्यंत आणि परत, एवढंच चालवणाऱ्यांनी मात्र या गणितात पडू नये. गाडी नेहमी पेट्रोलवर सुरू होते आणि इंजिनाचं पाणी ३५-४० अंशांपर्यंत तापल्यावर गॅसवर जाते. डिसेंबरच्या सकाळी त्याला दोन-चार मिनिटं लागतात, तोवर तुमचं काम आलेलं असतं. किट डिक्कीत, खर्च पेट्रोलचाच.

बसवताना नजर कुठे ठेवायची

पहिली जागा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारी फाटे असलेली नळी. गॅसच्या नोझलसाठी त्याला भोकं पाडावी लागतात. योग्य पद्धत म्हणजे मॅनिफोल्ड खोलून टेबलावर घ्यायचा, भोकं पाडायची, आटे पाडायचे, हवेने स्वच्छ करायचा आणि नव्या गॅसकेटसह परत बसवायचा. यात तीन-चार तास जातात. घाईतला मिस्त्री मॅनिफोल्ड जागेवरच ठेवून, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावून भोक पाडतो आणि म्हणतो, "कुछ नहीं होता भिया." ग्रीसला सगळा कीस चिकटत नाही. ॲल्युमिनियमचा जो तुकडा आत पडतो तो वाल्व्हच्या बैठकीत अडकतो किंवा पिस्टनवर ओरखडे काढतो, आणि त्याचं बिल किटच्या किमतीशी स्पर्धा करतं. गाडी सोडण्याआधी एकच प्रश्न विचारा: मॅनिफोल्ड उतरवणार का? उत्तर चाचरत आलं तर गाडी परत घेऊन जा.

भोकं पोर्टच्या जितकी जवळ तितकी बरी, सगळी एकाच कोनात. इंजेक्टरपासून नोझलपर्यंतच्या रबरी नळ्या आखूड आणि समान लांबीच्या हव्यात. एक १० सेंटीमीटर आणि दुसरी ३० असेल, तर गॅस एका पिस्टनला वेळेवर पोचतो आणि दुसऱ्याला उशिरा. सिग्नलला गाडी थरथरते ती यामुळे. सगळ्या नळ्या मोजून समान आहेत का, हे बॉनेट उघडून कोणालाही दिसतं.

दुसरी जागा रेड्यूसर. २०० बारचा गॅस इथे साधारण दोन बारवर येतो. एवढा दाब एकदम उतरला की गॅस बर्फासारखा गार होतो, म्हणून इंजिनाचं गरम पाणी रेड्यूसरमधून फिरवलेलं असतं. तो रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली बसायला हवा. वर बसवला तर त्यात हवेचा फुगा अडकतो, पाणी फिरत नाही, आणि एबी रोडवर सत्तर-ऐंशीच्या वेगात रेड्यूसरवर पांढरं दव धरून गाडी आपोआप पेट्रोलवर उडी मारते. बायपासला चांगली पळणारी गाडी वीस मिनिटांनी अशी वागू लागली, तर आधी बॉनेट उघडून रेड्यूसरला हात लावून बघा. तो कोमट-गरम असायला हवा. काम झाल्यावर कूलंटमधली हवा काढलेली नसते, हेच निम्म्या वेळा कारण निघतं.

तिसरी जागा टाकीच्या तोंडाशी. व्हॉल्व्हभोवती हवाबंद पिशवी किंवा डबी असते आणि तिची नळी गाडीच्या तळातून बाहेर काढलेली असते, म्हणजे थोडी गळती झाली तरी गॅस डिक्कीत साचत नाही. कित्येक गाड्यांत ही नळी डिक्कीच्या गालिच्याखालीच संपलेली दिसते. वाकून, तळाशी तिचं टोक बाहेर आलंय का ते डोळ्यांनी पाहा. मागून पुढे येणारी पोलादी नळी सायलेन्सरपासून लांब, क्लिपांनी घट्ट हवी. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे तपासून घ्यायचे, तेही टाकी पूर्ण भरलेली असताना. अर्ध्या दाबावर गप्प बसणारा जोड २०० बारला बोलतो.

ट्युनिंग: इथेच पैसे वसूल होतात

लॅपटॉप जोडून, गाडी उभी असताना ऑटो-कॅलिब्रेशनचं बटण दाबून दहा मिनिटांत "ट्युनिंग" उरकणारे बरेच आहेत. त्याने फक्त आयडल जुळतं. खरं काम रस्त्यावर होतं: एक माणूस गाडी चालवतो, दुसरा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसतो. आधी पेट्रोलवर वेगवेगळ्या आरपीएम आणि लोडला इंजेक्शनच्या वेळेची नोंद होते, मग त्याच परिस्थितीत गॅसवर. दोन्ही रेषा एकमेकींवर बसेपर्यंत नकाशा, म्हणजे कधी किती गॅस सोडायचा याचा तक्ता, सुधारायचा. त्यानंतर ओबीडीवर, म्हणजे गाडीच्या तपासणी-सॉकेटवर, फ्युएल ट्रिम बघायचे: गाडी स्वतःहून इंधन किती कमी-जास्त करते त्याचे आकडे. लाँग टर्म ट्रिम दोन्ही इंधनांवर अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत राहिला तर काम नीट झालं.

हे न केल्याचा फटका विचित्र ठिकाणी बसतो. गाडीचा मूळ ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, गॅसवरचं चुकीचं मिश्रण हळूहळू "शिकतो" आणि तीच दुरुस्ती पेट्रोललाही लावतो. मग तक्रार येते की गॅसवर गाडी ठीक आहे, पण सकाळी पेट्रोलवर सुरू होताना गुदमरते. मालक इंजेक्टर साफ करून घेतो, पंप बदलतो. दोष गॅसच्या नकाशात असतो.

गॅसवर ताकद थोडी कमी होणारच. गॅस हवेची जागा खातो, त्यामुळे दहाएक टक्के तरी जातात. सीएनजीचा ऑक्टेन १२० च्या वर असला, तरी पेट्रोलच्या बेताचं कॉम्प्रेशन असलेल्या इंजिनला त्याचा पुरता फायदा घेता येत नाही. किटसोबत टायमिंग ॲडव्हान्सर (ठिणगी जरा आधी पाडणारं उपकरण) बसवला तर खालच्या आरपीएमला गाडी जरा हलकी वाटते. पलासिया-विजयनगरच्या गर्दीत त्याचे पैसे वसूल आहेत. स्पार्क प्लगची गॅप १.० मिमीवरून ०.७-०.८ वर आणा. गॅसच्या मिश्रणात ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि जुनी कॉइल गॅसवर आधी मान टाकते. पेट्रोलवर चालून जाणारा मळका एअर फिल्टर गॅसवर लगेच जाणवतो.

पेट्रोलची टाकी रिकामी ठेवू नका

गॅसवर चालतेच आहे म्हणून पेट्रोल काट्याच्या तळाशी ठेवायची खोड सर्रास आहे. बाहेरून किट बसवलेल्या बऱ्याच गाड्यांत गॅसवर चालतानाही टाकीतला पेट्रोल पंप फिरतच असतो, आणि त्याला गार ठेवतं ते भोवतीचं पेट्रोल. तळाला दोन लिटर असताना उन्हाळाभर चालवली की पंप जळतो.

ई२० मुळे यात आणखी एक भानगड आली. एथॅनॉल हवेतला ओलावा ओढतं. जे पेट्रोल आठवड्याला संपतं त्याला काही होत नाही, पण किटवाल्या गाडीत तेच पेट्रोल तीन-तीन महिने पडून राहतं, मधे पावसाळा येतो. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की एथॅनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळं बसतं, आणि पंप नेमका तळातून खेचतो. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांचे रबर आणि सील ई२० चा विचार करून केलेले आहेत. जुन्या गाड्यांत तेही बघावं लागतं. उपाय फुकटचा आहे: पाव टाकी पेट्रोल कायम ठेवा, आठवड्यातून एक दिवस पेट्रोलवरच चालवा, आणि एकदम भरून न ठेवता थोडं थोडं भरा. वाल्व्हच्या बैठकांनाही हे मानवतं. गॅस कोरडा जळतो, बैठका झिजून वाल्व्हची फट कमी होत जाते, आणि एक दिवस गरम इंजिन सुरूच होत नाही. दर २०,००० किमीला फट मोजून घ्या. कंपनीतून सीएनजी घेऊन आलेल्या गाड्यांत बैठका मुळातच कडक धातूच्या असतात, हा त्यांचा खरा वरचष्मा.

पंप आणि देवगुराडियाचा गॅस

इंदूरमध्ये सीएनजीचं जाळं अवंतिका गॅसचं, म्हणजे गेल आणि एचपीसीएलच्या संयुक्त कंपनीचं. पंप निवडताना एक गोष्ट समजून घ्या. काही पंपांना थेट पाइपलाइन असते आणि कॉम्प्रेसर जागेवर असतो. काहींना ट्रकवरच्या नळकांड्यांतून गॅस येतो. ट्रक भरलेला असेल तेव्हा दाब फर्स्टक्लास; उतरत आला की मशीन १५०-१६० बारलाच थांबतं आणि टाकी पाऊण भरते. पैसे किलोने जातात, त्यामुळे फसवणूक नाही, पण रांग पुन्हा लवकर लावावी लागते. शक्यतो पाइपलाइनवाला पंप धरा, आणि सकाळी लवकर किंवा रात्री जा. मे महिन्याच्या दुपारी भरताना टाकी तापते, २०० बार पटकन दिसतात, पण गॅस कमी बसतो. घरी आल्यावर तासाभराने काटा १७५ वर आला तर घाबरू नका. ती गळती नसते, गॅस निवलेला असतो. साबणाचं पाणी लावून एकदा खात्री करा आणि विसरा.

इंदूरचा बायो-सीएनजी हा या सगळ्या सरकारी खटाटोपातला सर्वात ठोस भाग. देवगुराडियाच्या ट्रेंचिंग ग्राउंडवरचा गोबरधन प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ ला पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते सुरू झाला. सुरुवातीची क्षमता दिवसाला ५५० टन ओला कचरा, त्यातून १७,००० किलो गॅस आणि १०० टन खत. १५० कोटींची गुंतवणूक खासगी भागीदाराची. किमान निम्मा गॅस महापालिकेने घेऊन सिटी बस चालवायच्या, उरलेला खुल्या बाजारात, असा करार. भागाकार करून पाहिला तर टनाला साधारण ३१ किलो गॅस पडतो. म्हणजे तुमची आठ किलोची टाकी भरायला साधारण २६० किलो सालं, शिळं अन्न आणि मंडीतला भाजीपाल्याचा कचरा लागतो. छप्पन दुकानच्या एका गर्दीच्या संध्याकाळचा कचरा डोळ्यांपुढे आणा.

हे इंदूरला जमलं ते यंत्रापेक्षा घराच्या दारात. ओला-सुका वेगळा येतो म्हणून जमलं. काच, चमचे, प्लास्टिक डायजेस्टरमध्ये, म्हणजे कचरा कुजवायच्या टाकीत, गेलं की पंप तुंबतात आणि तळाशी गाळ बसून टाकीचा उपयोगी भाग कमी होत जातो. २०१८ च्या केंद्राच्या सतत या बायोगॅस योजनेत २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्पांचं स्वप्न होतं. ते मुदतीत पुरं झालं नाही, आणि बऱ्याच शहरांत घोडं अडलं ते या वर्गीकरणावरच. आता शहर गॅस कंपन्यांवर २०२५-२६ पासून १ टक्का, आणि २०२८-२९ पर्यंत ५ टक्के बायोगॅस मिसळण्याचं बंधन आहे, म्हणजे गिऱ्हाईक तरी पक्कं झालं.

गाडीला या गॅसने काही फरक पडतो का? भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६०८७ या मानकाप्रमाणे त्यात किमान ९० टक्के मिथेन असावा लागतो. मिथेनमधला थोडाफार चढउतार ऑक्सिजन सेन्सर सांभाळून घेतो. काठावर ट्यून केलेल्या किटला मात्र हा फरक आधी कळतो आणि चेक लाइट पेटतो. म्हणजे पुन्हा तेच, रस्त्यावरचं ट्युनिंग.

कागद

बीएस-६ पेट्रोल गाड्यांना बाहेरून किट बसवायला ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने परवानगी मिळाली. तेव्हापासून दुकानांत गर्दी वाढली आणि "सब चलता है" म्हणणारेही वाढले. मंजुरी किटला सरसकट नसते. आपल्या गाडीच्या इंजिनक्षमतेला आणि बीएस-दर्जाला लागू असलेल्या मंजुरीपत्राची प्रत मागा आणि तिची मुदत वाचा. टाकीच्या मानेवर ठोकलेला क्रमांक प्रमाणपत्राशी स्वतः जुळवा. आरसीवर इंधन बदलून "पेट्रोल/सीएनजी" होईपर्यंत नायता मुंडल्याच्या आरटीओची फेरी पुरी झाली असं समजू नका. कर्जावरची गाडी असेल तर बँकेचं ना-हरकतपत्र आधी. विमा कंपनीला त्याच आठवड्यात लेखी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. नोंद नसलेल्या किटच्या गाडीचा दावा फेटाळायला कंपनीला दुसरं कारण शोधावं लागत नाही.

टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी. तारीख गॅस भरण्याच्या तोंडाजवळच्या पट्टीवर असते आणि पंपावरचा माणूस ती बघून परत पाठवू शकतो. टेस्टला टाकी उतरवावी लागते, गाडी एक-दोन दिवस अडकते. म्हणून दिवाळीच्या तोंडावर तारीख येत असेल तर नवरात्रातच करून घ्या.

पुण्या-नाशिकला जाताना

टाकी एकटी साठेक किलोची, तेही मागच्या चाकांवर. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा टायरचा दाब लिहिलेला असतो, तोच कायम ठेवा. डिक्कीत एक बॅग आडवी बसते, फराळाचे डबे पायाशी. ज्यांना डिक्की हवीच आहे त्यांनी तळाशी दोन छोट्या टाक्या बसवलेली कंपनीची गाडी बघावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या सीएनजी गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाल्याने तो पर्यायही आता तितका महाग राहिलेला नाही.

मानपूरनंतर धामनोदकडे उतरताना गॅस चालेल. परतीला तोच घाट, आणि त्याआधी सेंधव्याजवळचा बिजासन, चार माणसं आणि एसीसकट चढायचा असेल तर पायथ्यालाच स्विच दाबून पेट्रोलवर घ्या. ट्रकच्या मागे दुसऱ्या गिअरमध्ये, अर्ध्या चढावर, काटा लाल झाल्यावर इंधन बदलायला जाऊ नका.